सावित्रीच्या मुखातून बंदरोबंदरी

कुडपण हे गाव पोलादपूर तालुक्यात सह्याद्रीच्या ऐन कुशीत वसलेले. तेथील माणसास समुद्र ही दूरदेशीची गोष्ट वाटावी, हे साहजिक होय. परंतु डोंगर उतरून पोलादपुरास यावे, तो सावित्री भेटते. आणि महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी महाड, दासगाव करीत बाणकोटापाशी सागरास मिळते. महाडच्या पेठेचा माल पूर्वी याच वाटेने गलबतांतून ये-जा करी.

या जलमार्गाने एकदा फार मोठे काम केले. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. धरमतरवरून मोटारीने येता आले असते. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर काय करावे? दासगावी उतरले म्हणजे महाड अवघे पाच मैल, कोणी वाहन न दिले तरी पायी गाठता येते. मार्ग निवडण्यातही केवढा विचार असावा लागतो, हे यावरून दिसेल.

कोकणी कुटुंबाचा सागरप्रवास मात्र चैनीचा नव्हता, गरजेचा होता. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत वेंगुर्ल्याकडे जाई. बहुतेक ठिकाणी ती धक्क्यास लागत नसे. खोल पाण्यात उभी राहून भोंगा देई. मग काठावरून पडाव येत. वर आगबोट हलते आहे, खाली पडाव हलतो आहे, आणि दोहोंमधल्या त्या हातभर पाण्यावरून ट्रंका, वळकट्या, तान्ही मुले व नऊवारी सावरणाऱ्या आजीबाई खलाशांच्या हाती सोपवाव्या लागत. क्षण चुकला की सारेच चुकले! त्या खलाशांचे कौतुक बखरींत नाही, पण ते व्हावयास हवे होते.

हर्ण्यास पोहोचले की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसे. १७५५ साली कमोडोर जेम्स याने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पुढल्याच वर्षी विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. या कामी इंग्रजांना पेशव्यांचेच साह्य होते, आणि मोबदल्यात बाणकोट इंग्रजांच्या पदरी पडले. घरचे भांडण मिटविण्यासाठी परक्यास दार उघडून दिल्याचे याहून कडू उदाहरण कोकणच्या किनाऱ्यावर दुसरे नाही. रत्नागिरीस ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ साली कैदेतच वारला. मालवणास तर शिवछत्रपतींनी १६६४ साली पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग भर समुद्रात उभा आहे. बाप लेकरास बोटीच्या कठड्यापाशी उचलून हे सारे दाखवी. तीच त्याची इतिहासाची पहिली शाळा.

पावसाळ्यात ही किनाऱ्याची वाहतूक बंद राही, ते योग्यच होते. मुंबई–रेवस मार्गावरील बोटी मात्र पावसातही चालत. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येस, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वाऱ्यालाटांत कलंडून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी निघालेली ती माणसे, कित्येक घरी दिवा लावून वाट पाहत बसलेली त्यांची मंडळी! समुद्र क्रूर म्हणावा, तर त्याने पूर्वसूचना दिली नव्हती असे नाही. आभाळ त्या दिवशी भरलेलेच होते.

पुढे आगबोटीही थांबल्या. २०१८ साली मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही विलासी नौका सुरू झाली, पण ती फार काळ टिकली नाही. तरीही बंदरे पाहू इच्छिणाऱ्या कुटुंबास मार्ग आहे. बागमांडल्यास गाडीसकट जंगलात, नव्हे, जंगारीत चढावे व सावित्री ओलांडून वेश्वीस उतरावे. तसेच दाभोळहून धोपाव्यास, तवसाळहून जयगडास. भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी, आणि वृद्धांस व मुलांस गाडीत बसवून न ठेवता कठड्यापाशी उभे करावे. बाणकोटचा किल्ला सावित्री ओलांडतानाच दिसतो.