परदेशी जाताना प्रश्न घरचाच न्यावा

(भाईंदर येथील अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



परदेशात शिकून आलेल्या माणसाला बोलावले म्हणजे त्याने तिकडची स्वच्छता, तिकडची शिस्त आणि तिकडची थंडी यांचे वर्णन करावे आणि शेवटी आपल्याकडच्या अव्यवस्थेबद्दल हळहळ व्यक्त करावी, असा शिरस्ता पडून गेला आहे. तो मी आज मोडणार आहे. बर्लिनमधील दोन वर्षांत मी जे शिकले त्याचा गाभा तिकडच्या रस्त्यांत नाही; तो आपल्या खाडीकाठच्या मिठागरांत आहे. हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून त्याचा खुलासा करते.

माझे आजोबा भाईंदरच्या मिठागरावर मजुरी करीत. वडिलांचे निम्मे आयुष्य लोकलच्या डब्यात गेले. अर्थशास्त्राची पदवी घेतल्यावर मला जर्मनीत प्रवेश मिळाला, तेव्हा घरात आनंद झाला आणि त्याच रात्री हिशेबाची वही उघडली गेली. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. परंतु वर्षभराच्या खर्चाची सोय आधीच दाखवल्याशिवाय विद्यार्थ्याला परवाना मिळत नाही, आणि त्यासाठी सहसा ती रक्कम बँकेत अडकवून ठेवावी लागते. 2024 च्या सप्टेंबरपासून ही रक्कम वर्षाला 11,904 युरो ठरवण्यात आली. म्हणजे आपले दहा लाखांहून अधिक रुपये. आपल्याकडे साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि आमच्या चाळीतील खोलीचे कागद बँकेच्या पसंतीस उतरले नाहीत. साडेसात लाख बँकेने दिले. उरलेले आईच्या दागिन्यांतून, आत्याच्या बांगड्यांतून आणि शेजारणींनी भिशीतून उचलून दिलेल्या पैशांतून उभे राहिले. माझ्या पदवीपत्रावर नाव माझे एकटीचे आहे. पण ती पदवी अर्ध्या चाळीची आहे.

तिथली फीमाफी ही त्या राष्ट्राची उपजत उदारता आहे असे मी समजत होते. तो समज चुकीचा निघाला. 2005 साली तेथील घटनात्मक न्यायालयाने फी घेण्याचा मार्ग मोकळा केल्यावर सात राज्यांनी ती लागू केली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, निवडणुकांत तो प्रश्न गाजला. हेस राज्याने 2008 मध्येच फी मागे घेतली. बव्हेरियात 2013 साली दहा टक्क्यांहून अधिक मतदारांनी सह्या करून ती रद्द करण्याची मागणी केली आणि ती मान्य झाली. 2014 मध्ये शेवटच्या राज्यानेही माघार घेतली. तथापि हा विजय कायमचा नाही. 2017 पासून बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सहामाहीला 1,500 युरो घेऊ लागले. जे लढून मिळते ते राखावेही लागते, एवढाच याचा अर्थ.

संध्याकाळी मी एका उपाहारगृहात भांडी घाशीत असे. याचे मला कौतुक नको आहे. 1922 ते 1929 या काळात जयप्रकाशांनी अमेरिकेत फळांच्या मळ्यांत आणि कारखान्यांत राबूनच शिक्षण घेतले होते. मला जड गेले ते श्रम नव्हेत. मला जड गेला तो एक प्रश्न.

पहिल्या सहामाहीत निबंधासाठी मी युरोपातील व्याजदरांचा विषय निवडला. त्यावर नोकरी लवकर मिळते, असे मला सांगण्यात आले होते. प्राध्यापकांनी टिपण वाचले आणि म्हणाले, ‘‘यावर लिहिणारे इथे पुष्कळ आहेत. तुम्ही तुमच्या गावचा कोणता प्रश्न घेऊन आला आहात?’’ मला उत्तर देता आले नाही. मी कर्ज घेऊन गेले होते, प्रश्न घेऊन गेले नव्हते.

त्या आठवड्यात मला राममनोहर लोहियांची आठवण झाली. 1929 मध्ये ते बर्लिनला गेले. तेथील भाषा शिकून त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता भारतातील मिठावरील कर. इकडे 1930 साली दांडी, शिरोडा, वडाळा येथे लोक मीठ उचलत होते, आणि तिकडे वीस-बावीस वर्षांचा एक तरुण त्याच मिठाचा हिशेब मांडीत होता. 1933 मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी 10 मे रोजी त्या विद्यापीठासमोरच्या चौकात नाझींनी पुस्तकांची होळी केली. आज तिथे जमिनीत काचेखाली रिकाम्या फडताळांचे स्मारक आहे. मी तिथे बराच वेळ उभी होते. ज्या मिठाने आजोबांच्या पायांना भेगा पाडल्या, त्या मिठावर या शहरात प्रबंध लिहिला गेला होता, आणि मी मात्र व्याजदर शोधीत होते. मी विषय बदलला. भाईंदरच्या मिठागरांतील मजुरी आणि जमिनीचा हक्क यांवर लिहिले.

आता कुणी विचारील, भाईंदरच्या मिठागराचा अभ्यास करायला बर्लिन कशाला हवे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी कृतीने दिलेले आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. 9 मे 1916 रोजी तेथील चर्चासत्रात त्यांनी जो निबंध वाचला, तो भारतातील जातिसंस्थेवर होता. पुढे लंडनला 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. घरचा प्रश्न दुरून पाहिला की त्याची दुसऱ्या समाजांतील प्रश्नांशी तुलना करता येते, नवी हत्यारे हाती येतात, आणि जे घरी बोलायला भय वाटते ते बोलता येते.

आणि म्हणूनच मला एका गोष्टीचा संताप येतो. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. देशभरात मिळून वर्षाला 125 जागा. 2022 साली तिच्या नियमांत एक अट घालण्यात आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. हे विषय देशातच शिकता येतात, असे त्याचे समर्थन झाले. मी स्वतः त्या योजनेत बसत नव्हते, तेव्हा हे माझे वैयक्तिक गाऱ्हाणे नव्हे. पण या अटीखाली 1916 चा तो निबंध सरकारी पैशाने लिहिला गेला नसता, एवढे ध्यानात घ्या. जातीचे चटके ज्याला बसले, त्यानेच जातीचा अभ्यास करू नये, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

आपल्या चळवळीतही एक वाक्य नेहमी ऐकू येते: परदेशी गेला तो गेला. यात तथ्य नाही असे नाही. परंतु न परतणाऱ्याला स्वार्थी म्हणण्यापूर्वी त्याची हिशेबाची वही पाहावी. कर्ज काढून गेलेला विद्यार्थी जो विषय कर्ज फेडील तोच निवडतो, आणि जिथला पगार हप्ता भरील तिथेच राहतो. कर्ज आधी त्याचा प्रश्न हिरावून घेते आणि मग त्याचे परतणे. मलाही तिकडे नोकरी मिळत होती. मी परतले ते मी फार निःस्वार्थी आहे म्हणून नव्हे. भिशीवाल्या शेजारणींनी हप्त्याची घाई केली नाही म्हणून. बँकेचा हप्ता मात्र आजही चालू आहे.

परतणेही सोपे नसते. 1917 मध्ये कोलंबियाचे शिक्षण घेऊन आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ज्ञान घेऊन येणाऱ्याला ठाव देणे हे समाजाचे काम आहे, आणि ते आपण केले पाहिजे.

म्हणून माझी विनंती तीन गोष्टींची आहे. शिष्यवृत्त्यांची माहिती आणि अर्जाच्या मुदती आपल्या वस्त्यांत वेळेवर पोहोचवणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक शाखेत असावा. 2022 च्या त्या अटीविरुद्ध आपण ठराव करून आणि सह्या गोळा करून आवाज उठवावा. बव्हेरियात सह्यांनी फी गेली, हे विसरू नये. आणि येथून जो कोणी शिकायला बाहेर जाईल, त्याला हार घालण्यापूर्वी विचारावे: बाबा रे, आमचा कोणता प्रश्न बरोबर नेतो आहेस? मला हा प्रश्न बर्लिनमध्ये एका परक्या माणसाने विचारला. तो भाईंदर स्टेशनवरच कुणी विचारला असता, तर माझी एक सहामाही वाचली असती.