भोळी कॅथरीन आणि धोब्याची यादी



नायगावाहून वसईचा किल्ला काही लांब नाही. तिथल्या फ्रान्सिस्कन, डोमिनिकन साधूंच्या मठांच्या पडक्या भिंती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. आता अशी कल्पना करा, की भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचून वाचून डोके भरून गेलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीला अशाच जुन्या मठात पाहुणी म्हणून राहायला मिळाले. मग काय काय होईल? जेन ऑस्टेन या इंग्रज लेखिकेची 'नॉर्थँगर ॲबी' ही विनोदी कादंबरी म्हणजे हीच गंमत. ॲबी म्हणजे मठच.

या पुस्तकाची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. त्याच्या पुढच्याच वर्षी लंडनच्या एका प्रकाशकाने हे हस्तलिखित दहा पौंडांना घेतले आणि तसेच पडू दिले. १८१६ साली तेवढेच पैसे भरून घरच्यांनी ते सोडवून आणले. १८१७ च्या डिसेंबरात ते छापून निघाले, पण लेखिका जुलैतच वारली होती.

नायिका कॅथरीन ही खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी, दहा भावंडांतली एक. रूप बेताचे, बुद्धी बेताची, मन मात्र आरशासारखे. समोरचा बोलेल ते खरे मानायचे, एवढेच तिला ठाऊक. बाथ या शहरात तिची हेन्री टिल्नी या तरुणाशी ओळख होते आणि त्याचे वडील, जनरलसाहेब, तिला आपल्या घरी बोलावतात. ते घर म्हणजे जुना मठ!

खोलीत एक अवजड पेटी असते. कॅथरीन धडधडत्या छातीने झाकण उचलते, तर आत पांढराशुभ्र पलंगपोस! रात्री वादळ सुटते. काळ्या कपाटात कागदांची गुंडाळी हाती लागते, तोच मेणबत्ती विझते. बिचारीला रात्रभर झोप नाही. सकाळी उघडून पाहते, तर धोब्याकडे दिलेल्या कपड्यांची यादी!

तरीही ती थांबत नाही. जनरलसाहेबांनी बायकोचा घात केला असावा, असा तिला संशय येतो. हेन्रीला ते कळते आणि तिला तोंड दाखवायला जागा उरत नाही.

इथवर आपण पोट धरून हसतो. पण पुढे पाहा. कॅथरीन मोठ्या इस्टेटीची वारस आहे, अशी थाप कोणीतरी जनरलसाहेबांना मारलेली असते. ती खोटी ठरताच ते या मुलीला सकाळीच घराबाहेर काढतात. सत्तर मैलांची वाट, सोबतीला नोकरसुद्धा नाही. हेन्रीच्या बहिणीने हाती पैसे ठेवले नसते, तर वाटखर्चालाही तिच्याजवळ काही नव्हते. म्हणजे खून झालाच नव्हता; पण या माणसाविषयी पोरीच्या मनात आलेली धास्ती अगदीच खोटी नव्हती. त्याचा लोभ तिला ओळखता आला नाही, कारण असला साधा लोभ तिने वाचलेल्या गोष्टींत नव्हता.

शिक्षकांना म्हणून एक विनंती. आपल्या मराठीतही १८६१ सालच्या 'मुक्तामाले'पासून अद्भुत कादंबऱ्यांची आवड चालत आली आहे, आणि कादंबऱ्यांनी मुली बिघडतात, ही ओरडही आपण ऐकली आहे. मुलीच्या हातातले पुस्तक हिसकावून घेऊ नका. ऑस्टेनबाईंनी वेड्या वाचनाची थट्टा केली, पण याच पुस्तकात कादंबरीची बाजूही ठणकावून मांडली. त्यापेक्षा वर्गात ही पेटीची गोष्ट सांगा. झाकण उघडण्याआधी थांबा आणि आत काय असेल ते मुलांना विचारा. हसणे ओसरले, की दुसरा प्रश्न विचारा: जनरलसाहेब वाईट आहेत, हे तुम्हाला आधी कशावरून कळले असते? ते बाथमध्ये कॅथरीनची इतकी सरबराई का करत होते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना मुले माणसे वाचायला शिकतील. पुढे कोणी गोड बोलून त्यांच्या घरादाराची चौकशी करू लागला, तर त्यांना ते लगेच उमजेल.