बाणाचें टोंक आणि बाणाची काठी



रामायण-महाभारताच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या समाजास बाणाची ओळख करून द्यावयास नको. परंतु बाण म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर उभें राहतें तें त्याचें टोंक. त्या टोंकाच्या मागें असलेल्या काठीचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आज त्या काठीचाच कैवार घ्यावयाचा आहे; कारण टोंक लक्ष्यावर जितक्या जोरानें आघात करतें, तितक्याच जोराचा उलट आघात बाणाला सोसावा लागतो, आणि त्याचा मोठा वांटा काठीच्या पदरीं येतो.

अमेरिकेंतील अनेक राज्यांत ठराविक मोसमांत क्रॉसबोनें हरणाची शिकार करण्यास कायद्यानें मुभा आहे. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवें बसविलेलें धनुष्य. त्याचा बाण आखूड, बहुधा २० ते २२ इंच लांबीचा, आणि हल्लीं तो कार्बनच्या तंतूंपासून केलेल्या पोकळ नळीचा असतो. त्याचा वेग सेकंदास ३५० फुटांपर्यंत, केव्हां केव्हां त्याहूनही पुढें जातो. एवढ्या वेगांत रुंद, उघडीं पातीं हवेंत पंखासारखीं वागतात आणि बाणास आपली वाट सोडावयास लावतात. म्हणून मिटणाऱ्या पात्यांचें टोंक निघालें. उडत असतां पातीं चाकूप्रमाणें मिटलेलीं असतात; लक्ष्याला टेकतांच तीं मागें सरकून किंवा मागें वळून उघडतात. तोंपर्यंत तीं जागच्या जागीं राहावींत म्हणून रबराचें बारीक कडें किंवा प्लास्टिकची पट्टी लाविलेली असते. युक्ति मोठी नामी आहे. परंतु तिची किंमत कित्येकदां काठीला मोजावी लागते.

थोडा हिशेब करून पाहूं. ४०० ग्रेन, म्हणजे सुमारें सव्वादोन तोळे वजनाचा बाण सेकंदास ३५० फूट वेगानें गेला आणि एक फूट अंतरांत थांबला, तर त्याला अडविणारा सरासरी दाब सुमारें ५० किलो वजनाइतका भरतो. तोच बाण हाडावर किंवा लाकडावर आदळून एका इंचांत थांबला, तर दाब बारापट होऊन ६०० किलोच्या घरांत जातो. यांपैकीं टोंकाचें वजन सामान्यतः १०० ग्रेन; बाकीचे ३०० ग्रेन टोंकाच्या मागें असतात आणि पुढें रेटीत असतात. म्हणून या दाबाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग टोंक व काठी यांच्या सांध्यांतून जातो. हा सांधा तरी केवढा? एक-तृतीयांश इंच व्यासाच्या पोकळ नळीच्या तोंडांत चिकटवून बसविलेला, आंतून आटे पाडलेला धातूचा एक लहानसा तुकडा! त्यांत टोंक फिरवून बसवितात.

येथें काठीला तीन प्रकारें इजा होते. धातूचा तुकडा मागें ढकलला जाऊन पाचरीसारखा नळींत शिरतो आणि नळीला उभी चीर पाडतो, हा पहिला प्रकार. मागें येणारीं पातीं आपल्या बुडानें नळीच्या काठावर आपटतात किंवा तिला ओरखडतात, हा दुसरा. आणि बाण तिरपा लागला म्हणजे एक पातें आधीं अडतें, टोंक कलूं पाहतें व पहारीनें दगड उचकावा तसा ताण धातूचा तुकडा जेथें संपतो तेथें काठीवर येतो, हा तिसरा. ॲल्युमिनियमची काठी अशा वेळीं वांकते आणि आपलें दुखणें उघड दाखविते. कार्बनच्या काठीचें तसें नाहीं. तिचे तंतू बहुतांशीं लांबीच्या दिशेनें राळेंत बसविलेले असतात. त्या दिशेनें ती फार बळकट. परंतु बाहेर फाकविणाऱ्या जोरापुढें तिचें तोंड दुबळें ठरतें, आणि आंत चीर पडली तरी ती वरून सरळच दिसते.

हा प्रश्न नवा नव्हे. १९९१ सालीं आल्प्स पर्वतांत सुमारें ५३०० वर्षांपूर्वींच्या एका माणसाचा बर्फांत गोठलेला देह सांपडला. त्याच्या भात्यांत १४ बाण होते. त्यांपैकीं पुरे झालेले दोनच. त्यांचीं गारगोटीचीं टोंकें बर्च झाडाच्या डांबरानें चिकटवून वर दोरा गुंडाळलेला होता, आणि एका बाणाच्या पुढच्या भागास निराळ्या लाकडाचा तुकडा जोडलेला होता. दोऱ्याचें काम काय, तें समजण्यास आपल्या घरांतील मुसळ पाहावें. त्याच्या तोंडावर लोखंडी कडें असतें. कारण ठोके बसून लाकूड बाहेर फाकतें आणि मग फुटतें. कडें त्याला फाकूं देत नाहीं.

आतां उपाय. काठीचें तोंड अगदीं काटकोनांत कापून घासलेलें असावें. नाहीं तर सर्व भार काठाच्या एकाच बाजूवर येतो. नळीच्या आंतील धूळ व तेलकटपणा पुसून मगच धातूचा तुकडा चांगल्या इपॉक्सीनें बसवावा आणि इपॉक्सी पुरी कठीण होऊं द्यावी. आखूड तुकड्याऐवजीं लांब पितळी तुकडा घेतला, तर आधार अधिक लांबीवर मिळतो. मात्र पुढचें वजन वाढत असल्यामुळें नेम पुन्हा जुळवून घ्यावा. यापुढचा उपाय मुसळाच्या कड्याचा. काठीच्या तोंडावर बाहेरून इंच-दीड इंच लांबीची धातूची नळी घट्ट चढवावी. बाण धनुष्यावर ठेवला असतां ती खोबणीवर घासत नाहीं ना, हें आधीं पाहावें. जाड हातमोजे घालून पातीं सावकाश पुरतीं उघडावींत, आणि तीं काठीला कोठें टेकत नाहींत याची खात्री करावी. रबराचें कडें सैल किंवा चिरलेलें असेल तर तें बदलावें. सरावासाठीं पातीं न उघडणारें सरावाचेंच टोंक वापरावें, आणि एका खुणेवर एकच बाण सोडावा. कारण मागून येणारा बाण पहिल्याची काठी फोडतो.

इतकें करूनही एक काम उरतें, आणि तेंच सर्वांत महत्त्वाचें. प्रत्येक वेळीं बाण सोडण्यापूर्वीं काठी उजेडांत फिरवून पाहावी, तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवावा आणि ती दोन्ही हातांनीं चेहऱ्यापासून दूर धरून, सर्व बाजूंनीं फिरवीत, हलकेच वांकवावी. कापूस अडकला किंवा बारीकसा कट्‌ असा आवाज आला, तर ती काठी बाद. प्रत्यंचेचा धक्का मागून बसतो तेव्हां चिरलेली काठी धनुष्यावरच फुटूं शकते, आणि तिचे सुईसारखे तुकडे नेमबाजाच्या हातांत घुसतात. ती तेथें टिकलीच आणि जनावराच्या अंगांत सांध्याशीं मोडली, तर घाव उथळ राहतो. जखमी हरीण पळून जातें आणि रानांत तासन्‌तास तडफडतें. म्हणून संशयित काठी नुसती बाजूस ठेवूं नये. ती मोडून टाकावी, म्हणजे दुसरा कोणी विश्वासानें ती उचलणार नाहीं.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें शिकारीस सामान्यतः बंदी आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु हातोड्याचा दांडा असो कीं पटाशीची मूठ असो, धार लावतांना आपण लोखंडाकडे पाहतों आणि दांड्याकडे पाहण्यास विसरतों. हत्यार उचलण्यापूर्वीं दांडा एकदां निरखून घेण्याची संवय आपल्याही घरांत असावी, एवढेंच सांगून आपली रजा घेतों.