जड गोळीचा हिशेब



पत्रिकेवर आजचा विषय वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. काडतुसाशी त्याचा काय संबंध? पण अंबरनाथमध्ये उभे राहून काडतुसावर बोलायचे नाही, तर ते बोलायचे तरी कोठे? आयुध कारखाना आपल्या गावात आहे. तिथे कामाला जाणारा माणूस बदलापुरात राहतो, उल्हासनगरच्या कॅम्पात राहतो, आणि घरी आल्यावर दिवसभर काय केले हे बायकामुलांना सांगत नाही. आपण मात्र ते थोडे जाणून घ्यायला हरकत नाही. आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. जे शिकलो ते कामगारांच्या तोंडून आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडिताचे भाषण ऐकायला मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

प्रश्न साधा आहे. हरणाच्या शिकारीसाठी निघालेले एखादे जुने, नावाजलेले काडतूस घ्यावे, त्यात नेहमीपेक्षा जड गोळी बसवावी, म्हणजे ती लांबवर जाईल का? अमेरिकेत हा प्रश्न घरोघरी चर्चिला जातो. तिथे हौशी माणूस रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवतो आणि घरीच हाताने पुन्हा भरतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून काडतूस बनविता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार हा गुन्हा आहे. हे दोन्ही कायदे आम्हांला योग्य वाटतात. म्हणून काडतूस भरायचे कसे, हे आम्ही सांगणार नाही. त्या प्रश्नाच्या पोटात जो हिशेब दडलेला आहे, तेवढा मांडणार आहोत.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी कॅप, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा ओढला की कॅप पेटते, दारूचा वायू होतो, तो गोळीला नळीतून ढकलतो. नळीच्या आत स्क्रूसारखे आटे असतात. त्या आट्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि फिरते म्हणूनच सरळ जाते.

आता अमेरिकेतले ते जुने काडतूस पाहू. त्याचे नाव थर्टी-थर्टी. ते १८९५ साली निघाले. पहिले तीस म्हणजे नळीची रुंदी, इंचाचे तीस शतांश. दुसरे तीस म्हणजे धूर न करणाऱ्या नव्या दारूचे तीस ग्रेन. ग्रेन हे फार लहान वजन आहे. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन बसतात. या काडतुसाची नेहमीची गोळी १५० किंवा १७० ग्रेनची, म्हणजे दहा-अकरा ग्रॅमची. झाडीत शे-दीडशे यार्डांवर हरीण उभे असावे आणि बार टाकावा, यासाठी ते केलेले. त्या कामात त्याने शंभर वर्षांहून अधिक काळ नाव राखले आहे.

आपल्या देशातही असे एक काडतूस आहे. इंग्रज सरकारला हिंदी माणसाच्या हातात लष्करी मापाचे काडतूस नको होते. म्हणून थ्री-नॉट-थ्री लष्कराकडे राहिली, आणि परवानाधारकासाठी ३१५ बोअरची रायफल पुढे आली. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर रायफलीचे. रायफल बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची, काडतूस आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. या ३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे पावणेसोळा ग्रॅमच्या आसपास. अमेरिकन गोळीच्या जवळजवळ दीडपट जड! मग ती दीडपट लांब जाते काय? नाही. ती आरंभीच सावकाश निघते आणि लवकर खाली झुकते.

इथून हिशेब सुरू होतो. जड गोळीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. भरलेली बैलगाडी उतारावर थांबविणे कठीण, तशी जड गोळी हवेला लवकर दाद देत नाही. तिचा वेग हळूहळू ओसरतो. लांब पल्ल्याला हे उपयोगी पडते. पण ही जमेची बाजू झाली. खर्चाच्या बाजूला काय लिहायचे?

पहिला खर्च वेगाचा. गोळी जड म्हणून जागची हलायला वेळ घेते. तेवढ्यात मागे वायू कोंडतो आणि दाब चढतो. दाब मर्यादेत ठेवायचा तर दारू कमी करावी लागते, आणि दारू कमी झाली की वेग उतरतो. दुसरा खर्च जागेचा. नळीची रुंदी ठरलेली, तेव्हा जड गोळी लांबच असणार. ती पुंगळीत खोल बसते आणि दारूची जागा खाते. तिसरा खर्च आट्यांचा. लांब गोळीला सरळ ठेवायला अधिक फिरवावे लागते, म्हणजे नळीचे आटे जवळजवळ पाहिजेत. वुलिचच्या तोफखाना विद्यालयातले गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये याचे सूत्र बसवून दिले. जुन्या नळीत फार लांब गोळी घातली तर ती हवेत कोलांट्या खाते.

थर्टी-थर्टीला चौथाही खर्च आहे. तिच्या बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक ठेवतात. पुढच्याच्या कॅपवर मागच्याचे नाक टेकलेले असते. नाक टोकदार असेल आणि हादरा बसला, तर हातातल्या हातात स्फोट व्हायचा. म्हणून गोळीचे नाक चपटे ठेवतात, आणि चपटे नाक हवा अडविते. या शतकाच्या पहिल्या दशकात मऊ, दबणाऱ्या टोकाच्या गोळ्या निघाल्या, तेव्हा ही अडचण थोडी सुटली. लक्षात घ्या, सुटली ती टोक बदलून, वजन वाढवून नव्हे.

थ्री-नॉट-थ्रीचा इतिहासही हेच सांगतो. आधी तिची गोळी २१५ ग्रेनची, बोथट, सेकंदाला सुमारे २०६० फूट वेगाची. १९१० मध्ये ती बदलून १७४ ग्रेनची टोकदार गोळी आली आणि वेग २४४० फुटांवर गेला. गोळी हलकी झाली आणि अधिक दूरवर कामाला येऊ लागली! त्या गोळीच्या शेंड्यात शिशाऐवजी अ‍ॅल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरीत, म्हणजे लांबी मिळे आणि वजन बेताचे राही. पुढे मशीनगनला आणखी पल्ला हवा होता, तेव्हा वजन जवळजवळ तेच ठेवून गोळीची शेपूट होडीसारखी निमुळती केली. शहाण्या कारागिराने प्रत्येक वेळी आकाराकडे पाहिले. नुसत्या भारावर भिस्त ठेवली नाही.

आता पितळेकडे वळू, कारण ते अंबरनाथचे काम. इथला आयुध कारखाना मुख्यतः धातूचा. काडतुसाच्या पितळेत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. पत्र्यातून वाटी काढतात, आणि ती वाटी प्रेसखाली ओढून ओढून पुंगळी करतात. पितळेचा स्वभाव असा, की ओढले की ते ताठरते. म्हणून दर खेपेला भट्टीत तापवून त्याला नरम करावे लागते. बूड कठीण राहिले पाहिजे, तोंड मऊ राहिले पाहिजे. अमेरिकेतला हौशी माणूस पुंगळी पुन्हा पुन्हा भरतो, तेव्हा तिचे तोंड दर बाराला फुगते आणि दर भरणीला आवळले जाते. शेवटी ते ताठरून चिरते. दाब वाढविणाऱ्याच्या पुंगळ्या लवकर निकामी होतात.

या चिरेची एक गोष्ट आपल्याच देशातली आहे. इंग्रजी फौजांची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली असत. पावसाळा संपला की कित्येकांना आपोआप भेगा पडलेल्या दिसत. ना कोणी ती उडविली, ना कोणी ठोकली. लोकांनी तिला ऋतूची भेग म्हटले आणि पावसाला दोष दिला. कारण १९२१ मध्ये नीट उलगडले. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे आणि दमट हवेत पितळेवर बसे. पण नुसत्या अमोनियाने भेग पडत नव्हती. ओढताना पितळेच्या अंगात जो ताण कोंडून राहिला होता, तो काढून टाकला नव्हता. बेताच्या आचेवर पितळ तापविले की ताण निघे आणि पाऊस पागेत कितीही आला तरी भेग पडत नसे. दोष दिला पावसाला आणि चूक होती भट्टीच्या वेळात!

हे वाचले तेव्हा आम्हांला एक लढा आठवला. एका लहान खाजगी कारखान्यात पितळेचे सुटे भाग ओढीत. मालकाने प्रेसची गती वाढविली आणि भट्टीतला वेळ कापला. माल चिरू लागला. चिरलेल्या मालाचा दंड प्रेसवरच्या कामगारांच्या पगारातून कापण्यात आला. हात नीट चालत नाहीत, असे कारण दिले. युनियनने भट्टीच्या नोंदी मागितल्या. तीन आठवड्यांच्या नोंदी आणि चिरलेला माल शेजारी शेजारी मांडला, तेव्हा मालकाच्या इंजिनियरनेच मान डोलावली. दंड परत मिळाला, भट्टीचा वेळ पूर्ववत झाला. त्या दिवशी घोषणा कमी झाल्या आणि पितळेने साक्ष दिली.

मंडळी, जड गोळीचा हिशेब तो हाच. भार वाढवायचा, दाब वाढवायचा, पल्ला वाढवायचा, तर किंमत कोठेतरी चुकती करावी लागते. ती वेगात द्या, पितळेत द्या, नळीत द्या. आणि कागदावर कोठेच दाखविली नाही, तर ती माणसाच्या अंगावर पडते.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या ४१ आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. अंबरनाथचा कारखाना यंत्र इंडियात गेला. खडकी, वरणगाव आणि भंडारा म्युनिशन्स इंडियात गेले. कामगार संघटनांनी विरोध केला, आम्हीही केला. त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालणारा कायदा आला. कंपन्यांनी निर्यात वाढवावी, उत्पादन वाढवावी, याला आमची ना नाही. फक्त वाढीव आकड्याशेजारी दुसरा रकाना हवा: भट्टीला किती वेळ दिला, दारूच्या खात्यात किती माणसे एका वेळी उभी केली, कंत्राटी मुलाला किती दिवस शिकवून मग काम दिले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध कारखान्यातल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. त्या स्फोटाचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण काडतुसातला दाब मोजायला यंत्र असते, आणि ते बनविणाऱ्यावरचा दाब मोजायला अजूनही त्याच्या साथीदारांची जीभ लागते, हे आम्ही सांगणारच.

शिकारीचे दिवस गेले ते बरे झाले. चांगला नेमबाज मात्र आजही एक गोष्ट पाळतो: आपल्या रायफलीचा पल्ला ओळखतो आणि त्यापलीकडे बार टाकीत नाही. कारखाना चालविणाऱ्यांनी एवढे शिकले तरी पुष्कळ.