आजाराचा दोष कुणावर?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी रहिवाशांच्या अस्वच्छ राहणीवर बोट ठेवले. रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखविले. मधुमेहाच्या बाबतीत आज तोच न्याय: वडापाव सोडा, चाला! सल्ला खोटा नाही, फुकटही आहे. पण खोताच्या वाडीतील वृद्धाने मोटारींनी अडविलेल्या गल्लीत चालावे कोठे? औषध मात्र जन्मभर विकतचे. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे २०१७ च्या राष्ट्रीय धोरणातील उद्दिष्ट कागदावरच राहिले. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी, १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. राहणीमानावर उपदेश करणाऱ्या शासनाने त्या खाटांची यादी वाडीवाडीच्या तोंडाशी लावावी.