लेक गेल्यावरही

पंडिता रमाबाईंचं नाव आपण ऐकलंय. आज त्यांच्याकडे आई म्हणून बघू या.

१८८२ साली कॉलऱ्यानं त्यांचे पती गेले. लेक मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. इकडे लोकांनी नावं ठेवली. तरी परत येऊन रमाबाईंनी विधवांसाठी शाळा काढली. दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना केडगावला आणून सांभाळलं. मनोरमा मोठी झाली, आईचा उजवा हात झाली.

आणि १९२१ साली, चाळिसाव्या वर्षी, ती गेली. एकुलती एक लेक.

रमाबाई तेव्हा बायबल सोप्या मराठीत आणत होत्या, साध्या बाईलाही कळावं म्हणून. लेक गेली, तब्येत खचली, तरी ते काम त्यांनी पुरं केलं. एप्रिल १९२२ मध्ये त्यांनीही डोळे मिटले.

दुःख होतंच. पण त्यांची श्रद्धा रोजच्या कामात टिकून राहिली.

आपल्या गटातही लेकरू गमावलेली एखादी बहीण असेल. तिला ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प करू नका. तिच्याजवळ बसा, तिला रडू द्या. आणि ती सावरू लागली, की हाताला धरून पुन्हा गटात आणा.