सेवाज्येष्ठ बाईंची स्वखुशी



माझी पीएच.डी. पुरी झाली म्हणून तुम्ही मला बोलावलंत. सत्कार राहू दे; मला त्या प्रबंधातल्या एका कागदाबद्दल बोलायचं आहे.

विषय होता लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांमधलं शैक्षणिक नेतृत्व. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, म्हणून माझ्यासारखीला नोकरी-घर सांभाळून हे जमलं. यूजीसीच्या नियमांत पीएच.डी.ला सहा वर्षं आणि बायकांना वर दोन वर्षांची सवलत आहे. मला ती लागली.

नेतृत्व मोजायची प्रश्नावली तयारच असते. निर्णयक्षमता, संवाद, प्रेरणा. पाच पर्याय, एक खूण. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड अशी एसटीने फिरून मी ती वाटली. भरून देणारे बहुतेक सरच. म्हणून सेवाज्येष्ठता याद्या मागितल्या. काही ठिकाणी पहिलं नाव बाईंचं, खुर्चीत मात्र दुसऱ्या क्रमांकाचे सर!

खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत तिसरा नियम आहे: सर्वांत ज्येष्ठ, पात्र शिक्षकालाच मुख्याध्यापक करायचं. त्याने स्वखुशीने हक्क सोडला तरच पुढच्याचा नंबर. तसं लेखी द्यायचं, शिक्षणाधिकाऱ्यांसमोर नोंदवायचं.

म्हणजे बाईंनी स्वखुशीने नकार दिला होता. ही स्वखुशी काय असते ते दार लोटून घेतल्यावर कळलं. एकीला संस्थाचालकांनी विचारलं होतं, "बाई, अनुदानासाठी पुण्या-मुंबईच्या चकरा झेपतील का?" दुसरीचं पत्र नवऱ्यानेच लिहून आणलं, तिची फक्त सही. या सगळ्याला प्रश्नावलीत रकाना नाही. एका चर्चासत्रात एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, हे नेतृत्वात बसत नाही. मी प्रकरण काढलं नाही. मौखिकीत सर्वांत जास्त प्रश्न त्याच्यावरच आले.

त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे. हक्क कायमचा सोडला की ठराविक मुदतीपुरता, हे स्पष्ट लिहायचं असतं. मला भेटलेल्या एकीलाही ते कुणी सांगितलं नव्हतं. एका बाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून त्यांनी सही केली. सासूबाई पुढच्याच वर्षी गेल्या. बाईंची नोकरी तेव्हा नऊ वर्षं उरली होती, आणि नकार कायमचा होता.